देवघरातील गाझी

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आमच्या घरी जे पाच-सहा जुने रुपये मांडले जातात, त्यांत एक रुपया निराळा आहे. आकाराने ओबडधोबड, जाडीला आजच्या नाण्याच्या दुप्पट, वजनाला तोळ्याहून किंचित कमी. एका अंगास किरणांनी वेढलेले सूर्याचे मुख आहे आणि दोन्ही अंगांस फारशी अक्षरे आहेत. हा रुपया मल्हारनगरच्या, म्हणजे आमच्या इंदूरच्याच होळकरी टांकसाळीतला. आमचे मूळपुरुष होळकरांच्या पदरी पोतनिशी करीत. त्यांच्या वेळेपासून तो घरात आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दरवर्षी तो रिठ्याच्या पाण्याने धुवायचा, त्याला हळदकुंकू वाहायचे आणि भाऊबीज झाली की पुन्हा डबीत ठेवायचा, हा परिपाठ. त्यावर काय लिहिले आहे, हे विचारण्याची बुद्धी आमच्यापैकी कोणालाही झाली नव्हती.

ती झाली आमच्या पुतण्याला. तो शिक्षणासाठी पुण्यास असतो. एका दिवाळीत घरी आला असता त्याने त्या रुपयाचे छायाचित्र काढून कोणा जाणकाराकडे पाठविले आणि ऐन पूजेच्या वेळी उत्तर घेऊन तो देवघराच्या दाराशी उभा राहिला. म्हणाला, "काका, यावर 'शाह आलम बादशाह गाझी' असे लिहिले आहे. गाझी म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? काफरांशी लढणारा, त्यांना मारणारा. आपण पिढ्यान् पिढ्या हळदकुंकू कोणाला वाहत आलो, ते तरी बघा!"

आमच्या मातोश्री ताम्हनात पाणी घालीत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पूजा लक्ष्मीची करायची. अक्षरांची कोण करतो?"

"मग आजी, दुसरा रुपया ठेवू. हाच कशाला?"

या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर आमच्यापाशीही नव्हते. त्या वर्षी तो रुपया ताटात मांडला गेला नाही. मातोश्रींनी तो फडक्यात गुंडाळून आपल्या उशाच्या पेटीत ठेवला आणि त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढले नाही. त्यांचे ते न बोलणे आम्हांला फार लागले. पुतण्याचे म्हणणे टाकाऊ नव्हते. एखादी वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती पूज्य ठरत नाही. तेव्हा 'गाझी' हा शब्द आहे तरी काय, तो कोणी कोणासाठी वापरला आणि आमच्या होळकरांच्या रुपयावर तो आला कसा, याचा शोध घेणे भाग पडले. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शब्द मूळचा अरबी. ज्या धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ स्वारीस निघणे, धाड घालणे. त्यावरून 'गझवा' म्हणजे स्वारी आणि 'गाझी' म्हणजे स्वारीस जाणारा. 'लिहिणारा', 'धावणारा' असे आपण म्हणतो, त्याच जातीचा हा कर्तृवाचक शब्द. मुळात त्यात धर्माचा वास नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात एका टोळीने दुसऱ्या टोळीच्या उंटांवर धाड घालावी, हा वाळवंटातील जीवनक्रमच होता. आपल्याकडे वेदांत 'गविष्टि' असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ गाईंची इच्छा आणि रूढ अर्थ युद्ध. विराटाच्या गाई वळविण्यासाठी कौरव चालून गेले, ती कथा कोणास ठाऊक नाही? तिकडे उंट आणि इकडे गाई, एवढाच काय तो फरक. आपल्या मराठीतल्या 'मुलूखगिरी'ची छटाही त्या मूळ अरबी शब्दाला पुष्कळच जवळची आहे.

जाता जाता एक घोटाळा दूर करून ठेवू. सोमनाथावर चालून आलेल्या महमुदाचे गझनी, पश्चिम आशियातील गाझा आणि आपण आवडीने ऐकतो ती गझल, हे तिन्ही शब्द कानाला गाझीचे सख्खे भाऊ वाटतात. पण त्यांचा गाझीशी काही संबंध नाही. गझनी आणि गाझा ही गावांची स्वतंत्र नावे आहेत. गझलेचा धातू निराळा, आणि त्याच्या अर्थात लढाई नसून प्रेमालाप आहे.

इस्लामच्या उदयानंतर या शब्दाला धर्माचा रंग चढला. पैगंबर ज्या मोहिमांत स्वतः गेले, त्यांना चरित्रकारांनी 'गझवा' म्हटले. ज्यांत ते नव्हते, त्यांना 'सरिय्या' म्हटले. पुढे खिलाफतीच्या सीमा एकीकडे रूमच्या साम्राज्याला आणि दुसरीकडे मध्य आशियातील तुर्कांच्या टोळ्यांना भिडल्या, तेव्हा सरहद्दीवर स्वयंसेवकांची ठाणी उभी राहिली. उन्हाळा आला की स्वारीस निघायचे आणि परत आल्यावर लुटीची वाटणी करायची. पाचवा हिस्सा राज्याचा, उरलेले लढवय्यांचे. पुण्य आणि पोट या दोहोंची सोय एकाच मोहिमेत होत असे. आपल्याकडे विजयादशमीस सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघणाऱ्या फौजा ज्यांना आठवतील, त्यांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये.

या सरहद्दीवर 'गाझी' ही पदवी म्हणून रूढ झाली, आणि तिच्या दोन अटी ठरल्या. पहिली अट, शत्रू परधर्मी असावा. दुसरी अट, लढणारा जिवंत परत यावा. परत न येणारा तो 'शहीद'. गाझी आणि शहीद ही जोडीच आहे. एकाच रणांगणातून निघणाऱ्या त्या दोन वाटा.

येथे आम्ही क्षणभर थांबलो. शहीद! हा शब्द आपण किती सहज वापरतो. सरदार भगतसिंगांना आपण शहीद म्हणतो. सरहद्दीवर कामी आलेल्या जवानाला शहीद म्हणतो. पुण्या-मुंबईकडे 'हुतात्मा' म्हणण्याची चाल आहे. इकडे माळव्यात आपल्या मराठी घरांतूनही 'शहीद' हेच तोंडी येते. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'साक्षीदार', आणि तो सर्वस्वी इस्लामी परंपरेतला. तरीही तो उच्चारताना आपल्या मनात कोणताही किंतु येत नाही. दोन जुळ्या भावांपैकी एकाला आपण घरात घेतले आणि दुसरा परका राहिला. मेलेला आपला झाला, जिवंत परतलेला मात्र झाला नाही. शब्दांचे नशीब असे घडते. कोशातला अर्थ एक असतो. आणि पुढे तो कोणाच्या हातात पडतो, यावर त्याची किंमत ठरते.

आता हिंदुस्थानात येऊ. येथे ही पदवी ठळकपणे दिसते ती गियासुद्दीन तुघलकाच्या नावात. सन १३२० मध्ये तो दिल्लीच्या तख्तावर आला, त्याआधी तो 'गाझी मलिक' म्हणूनच ओळखला जाई. ती पदवी त्याला मिळाली कोणामुळे? मोगलांमुळे, म्हणजे चंगीझखानाच्या वंशजांच्या टोळ्यांमुळे. मुलतानच्या मशिदीवर त्याचा लेख आपण पाहिला, असे इब्न बतूता या प्रवाशाने नमूद केले आहे. तातारांशी आपण एकोणतीस वेळा लढलो आणि त्यांना हरविले, म्हणून आपणास गाझी म्हणतात, असा त्या लेखाचा आशय होता. ज्या टोळधाडीने बगदाद बेचिराख केले, तिला पंजाबच्या वेशीवर अडविणारा हा गाझी होता. त्याच्या त्या लढायांचा लाभ उत्तर हिंदुस्थानातील हिंदू शेतकऱ्यालाही झालाच असणार.

बाबराची गोष्ट वेगळी. सन १५२६ मध्ये पानिपतावर त्याने इब्राहीम लोदीला मारले आणि दिल्ली घेतली. पण तेव्हा तो गाझी झाला नाही, कारण लोदी मुसलमान होता. पुढच्या वर्षी, मार्च १५२७ मध्ये, खानव्यास राणा संगाशी गाठ पडली. सैन्य घाबरलेले, तेव्हा बाबराने मद्याचे पेले फोडले, शपथा घेतल्या आणि लढाईला धर्मयुद्धाचे रूप दिले. विजयानंतर त्याने आपल्या पदव्यांत 'गाझी' हा शब्द घातला आणि शत्रूच्या मुंडक्यांचा मनोरा रचविला. हे त्याच्याच आत्मचरित्रात लिहिलेले आहे, म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्याच रणांगणावर राणा संगाच्या बाजूने हसनखान मेवाती लढला आणि मेला. इब्राहीम लोदीचा भाऊ महमूद लोदीही त्याच बाजूस होता. पदवीच्या सोयीसाठी हे दोघे हिशेबातून गळाले.

अकबराला ही पदवी चौदाव्या वर्षी चिकटली. नोव्हेंबर १५५६ मध्ये पानिपतावर हेमू जखमी होऊन हाती सापडला. बालबादशहाने त्याच्यावर तलवार चालवून गाझी व्हावे, असा बैरामखानाचा आग्रह होता. अकबराने वार केला असे काही म्हणतात, तर बांधलेल्या माणसावर हात टाकण्याचे त्याने नाकारले, असे अबुल फज्ल सांगतो. काही असो, 'जलालुद्दीन मुहम्मद अकबर बादशाह गाझी' हे शब्द त्याच्या रुपयांवर उमटले. मौज अशी की याच गाझीने सन १५६३ मध्ये हिंदूंच्या तीर्थयात्रांवरील कर उठविला आणि पुढच्याच वर्षी जिझिया माफ केला. नंतर त्याने इलाही नाणी पाडली, तेव्हा त्यांवरून या साऱ्या पदव्यांना फाटा दिला.

औरंगजेबाच्या कारकीर्दीत पदवीचे वजन पुन्हा वाढले. सन १६७९ मध्ये त्याने जिझिया पुन्हा बसविला. तो 'आलमगीर बादशाह गाझी' खरा. पण सन १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा, ही दक्षिणेतली दोन मुसलमानी राज्ये त्यानेच बुडविली. त्या मोहिमांत नावाजलेल्या एका सरदाराला 'गाझिउद्दीन' म्हणजे 'धर्माचा गाझी' असा किताब होता. हैदराबादच्या पहिल्या निझामाचा तो पिता. त्याच घराण्यातला त्याचा पणतू हाच किताब लावीत असे. सन १७५४ मध्ये आमच्या मल्हारराव होळकरांच्या पाठबळावर तो दिल्लीचा वजीर झाला. त्याने एका बादशहाला पदच्युत करून दुसऱ्याला, दुसऱ्या आलमगिराला, तख्तावर बसविले आणि सन १७५९ मध्ये त्यालाही मारविले. धर्माच्या गाझीने बादशाह गाझीचा खून करविला, असा हा प्रकार. पदवी आणि वागणूक यांची फारकत याहून अधिक कशी व्हावी?

त्या खून झालेल्या बादशहाचा मुलगा म्हणजे आमच्या रुपयावरचा शाह आलम.

या शाह आलमाचे चरित्र वाचीत असताना आम्हांला प्रथम आश्चर्य वाटले आणि मग कीव आली. बारा वर्षे तो आपल्या राजधानीबाहेर भटकत राहिला. त्याला पुन्हा दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविले ते मराठ्यांनी, सन १७७२ च्या आरंभी. पुढे गुलाम कादिर या रोहिल्याने सन १७८८ मध्ये लाल किल्ल्यात शिरून त्याचे डोळे काढले. बादशाह गाझीला आंधळा करणारा त्याचाच धर्मबंधू. आणि त्याला सोडविण्यास धावले कोण? महादजी शिंद्यांची फौज. तिच्या अग्रभागी होता राणेखान, पूर्वीचा भिस्ती. पानिपतावरून जखमी महादजींना बैलावर घालून आणणारा आणि महादजींनी आपला 'भाई' मानलेला. गुलाम कादिराला पकडून देहांत शासन देण्यात आले. महादजींनी याच बादशहाकडून गोवधबंदीचे फर्मान मिळविले आणि सन १७९२ मध्ये पुण्यास फर्मानबाडीचा जो सोहळा झाला, त्यात ते आणले.

ज्याने काफरांविरुद्ध एकही लढाई जिंकली नाही, ज्याचे तख्त मराठ्यांनी राखले, ज्याच्या शिक्क्याने गोवध बंद करण्याचे फर्मान निघाले, तो हा 'गाझी'. आमच्या ताटातल्या रुपयावर त्याचे नाव आहे.

पण मग पुतण्याचा खरा प्रश्न उरतोच. तख्त राखणारे जर आम्ही होतो, तर नाण्यावर आमचे नाव का नाही? सन १६७४ मध्ये राज्याभिषेकसमयी शिवाजी महाराजांनी देवनागरी अक्षरांत 'श्री राजा शिव छत्रपती' असे होन आणि शिवराया पाडल्या. राज्यव्यवहारकोश करवून कारभाराची भाषा बदलण्याचा यत्न केला. त्या उंचीवरून पुन्हा फारशी ठशावर आपण का उतरलो?

याचे उत्तर काही अंशी राजकारणात आहे आणि काही अंशी सराफकट्ट्यावर. सन १७१९ मध्ये शाहू महाराजांनी चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आणविल्या, तेव्हापासून सत्ता आपली आणि नाव बादशहाचे, ही रीत पडली. उत्तरेत पसरायचे तर ते नाव सोयीचे होते. दुसरे कारण व्यवहाराचे. त्या काळी नाण्याची किंमत राजाच्या हुकुमाने ठरत नसे. सराफ ती ठरवी. तो चांदीचा कस पाही, वजन पाही, टांकसाळीची खूण पाही आणि ओळखीचा ठसा नसला की बट्टा कापून घेई. सुरतेपासून बंगालपर्यंतच्या बाजारात ज्या ठशाची सवय होती, तो बदलणे म्हणजे आपल्याच रयतेच्या पदरी बट्टा बांधणे. म्हणून होळकरांनी ठसा तसाच ठेवला आणि त्यात आपली खूण घातली, सूर्यमुखाची. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर तर शिवलिंग आणि बिल्वपत्र आहे. नाव शाह आलमाचे आणि खूण महादेवाची! बडोद्याच्या गायकवाडांनी दुसऱ्या अकबरशहाच्या नावाच्या नाण्यावर आपल्या नावाची नागरी आद्याक्षरे घातली. इतकेच कशाला, ख्रिस्ती इंग्रजांच्या कंपनीनेही सुरती रुपयावर 'शाह आलम बादशाह गाझी' हेच शब्द चालू ठेवले. सन १८३५ मध्ये सर्व प्रांतांसाठी एकच रुपया निघाला आणि त्यावर विल्यम राजाचे मुख आले, तेव्हा कंपनीने ते सोडले. म्हणजे शेवटी शेवटी गाझी हा शब्द हिंदू संस्थानिक आणि ख्रिस्ती व्यापारी यांच्याच टांकसाळींतून बाजारात येत होता. तो पदवी राहिला नव्हता. चालू चलनाची ती एक ठरीव खूण झाली होती.

आमच्या जुन्या वस्तीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षक राहतात. आम्ही सारे त्यांना मास्तरसाहेब म्हणतो. रुपया घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो भिंगाखाली धरला, बराच वेळ फिरविला आणि हसून म्हणाले, "पंडितजी, इसमें गाझी तो आधा ही है." खरेच होते ते. त्या काळी ठसा मोठा असे आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे पुरा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटे. आमच्या रुपयावर 'शाह आलम' स्पष्ट होते, 'बादशाह' जेमतेम, आणि 'गाझी'चे शेवटचे अक्षर काठाबाहेर गेलेले. पुतण्याच्या जाणकाराने सवयीने ते पुरे करून वाचले होते.

मास्तरसाहेबांनीच आम्हांला आणखी एका गाझीची आठवण करून दिली. उत्तर प्रदेशात बहराइच येथे सालार मसूद याचा दर्गा आहे. लोक त्याला गाझी मियाँ म्हणतात. परंपरा त्याला गझनीच्या महमुदाचा भाचा मानते आणि त्याला मारणारा म्हणून राजा सुहेलदेवाचे नाव घेते. त्याची जी मोठी फारशी चरित्रकथा उपलब्ध आहे, ती त्याच्या मानलेल्या काळानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, सतराव्या शतकात लिहिली गेली. या एकाच व्यक्तीकडे दोन तऱ्हेने पाहिले जाते. काहींच्या लेखी तो केवळ आक्रमक, आणि त्यांना सुहेलदेवाचा अभिमान वाटतो. पण खेड्यापाड्यांतून त्याच्या जत्रेस जाणाऱ्यांत हिंदूही शतकानुशतके आहेत. संततीसाठी, दृष्टीसाठी, कोडासाठी ते नवस बोलतात. लोकगीतांत तर तो गाईंच्या आणि गवळ्यांच्या रक्षणासाठी लग्नाच्या मांडवातून उठून गेलेला नवरदेव आहे. शाहिद अमीन या इतिहासकाराने सन २०१५ मध्ये या गाझीवर एक ग्रंथच लिहिला. विजयाची स्मृती आणि एकत्र नांदण्याची स्मृती एकाच थडग्याभोवती कशी वाढते, हा त्याचा विषय. बंगालच्या सुंदरबनात तर गाझी पीर वाघावर बसतो, आणि मध काढण्यास जंगलात शिरणारा मनुष्य, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याचे नाव घेऊन पाऊल टाकतो. तेथे शत्रू उरलाच नाही. उरला तो केवळ वाघ.

दिल्लीतील शेवटचा बादशाह गाझी म्हणजे बहादुरशहा जफर. सन १८५७ च्या बंडात दूरदूरहून आलेले मुसलमान स्वयंसेवक स्वतःला गाझी म्हणवीत होते. त्याच दिवसांत बकरी ईद आली. इंग्रजांचा वेढा पडलेला, आणि शहरात हिंदू शिपायांची संख्या मोठी. वृद्ध बादशहाने ईदेला गाय मारण्यास मनाई केली आणि ती कडकपणे अमलात आणविली. नावापुढे गाझी लावणाऱ्या घराण्याच्या अखेरच्या पुरुषाने केलेल्या थोड्या शहाणपणाच्या कृत्यांतले हे एक.

परदेशातही या शब्दाने असेच रंग पालटले. तुर्कस्तानात उस्मानी घराण्याचे पहिले पुरुष गाझी म्हणवीत. ब्रूसा येथील सन १३३७ च्या लेखात ओरहानला 'गाझी, गाझीचा पुत्र' म्हटले आहे. त्याच भूमीत साकार्याची लढाई जिंकल्यावर १९ सप्टेंबर १९२१ रोजी राष्ट्रसभेने मुस्तफा कमाल यांना गाझी ही पदवी दिली. अँतेप शहराने फ्रेंचांना महिनोन् महिने दाद दिली नाही, म्हणून त्याच वर्षी सबंध शहरालाच ती पदवी मिळून त्याचे नाव गाझीअँतेप झाले. आणि या गाझी कमालांनी काय केले? सन १९२४ मध्ये खिलाफतच बरखास्त केली. ज्या सत्तेच्या सरहद्दींवर गाझी हा शब्द वाढला, तिचा शेवट एका गाझीच्या हातून झाला. आज तुर्की भाषेत युद्धात जखमी होऊन परतलेल्या सैनिकाला गाझी म्हणतात आणि तो एक सरळ कायदेशीर शब्द आहे.

याउलट आपल्या शेजाऱ्याने हा शब्द त्याच्या जुन्या धारेसह जपला. 'गाझी' नावाची पाकिस्तानची पाणबुडी डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती कशाने बुडाली, याविषयी दोन्ही देशांचे सांगणे वेगवेगळे आहे. सन २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि आमच्या पुतण्याच्या पिढीला हा शब्द प्रथम कळला तो त्यातून. तेव्हा त्याच्या कानाला तो शत्रूचाच वाटला, यात त्याचा दोष कोणता?

हे सर्व आम्ही त्याला पत्राने कळविले. तो पाडव्यास घरी आला, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "आणि बाबराचा तो मनोरा, काका?" आम्ही म्हणालो, "तोही खराच. तो विसर, असे आम्ही म्हणत नाही. खानव्याचा गाझी आणि हा आंधळा गाझी यांना एक समजू नकोस, एवढेच म्हणतो." तो गप्प राहिला. आम्हीही अधिक काही बोललो नाही. त्याचे समाधान झाले की नाही, हे आम्हांला आजही नक्की सांगता येणार नाही. वाद जिंकण्यासाठी आम्ही शोध घेतला नव्हता. आमच्या पूर्वजांनी रोज हाताळलेल्या नाण्यावरची अक्षरे आम्हांला वाचता येत नव्हती, याची लाज वाटली म्हणून घेतला. ज्या घराचे पूर्वज पोतनीस, त्या घराला 'पोत' आणि 'नीस' हे दोन्ही तुकडे फारशी आहेत, हेदेखील या निमित्ताने प्रथम कळले. आडनाव काढून पेटीत ठेवता येत नाही!

पुढच्या दिवाळीत मातोश्रींनी पेटी उघडून फडके पुतण्याच्याच हातात दिले. त्याने रुपया रिठ्याच्या पाण्यात घातला, चोळून पुसला, खिडकीशी नेऊन तुटलेले अक्षर नखाने चाचपून पाहिले आणि ताटात ठेवला. मातोश्री म्हणाल्या, "सूर्य वर असू दे." त्याने तो पालथा केला. डबीत आता एक चिठ्ठी आहे. तीवर नाण्याचे वाचन, बादशहाचे नाव, टांकसाळीचे नाव आणि अर्थ, सारे लिहिलेले आहे. चिठ्ठीतले अक्षर पुतण्याचे.

वाचकांस एक विनंती. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, इंदूर येथील आपल्या पुष्कळ घरांतून असे रुपये देवघरात किंवा फडताळात पडून आहेत. चांदीचा भाव वाढला की ते सराफाकडे जातात आणि मुशीत वितळतात. मोडण्यापूर्वी, किंवा पुजण्यापूर्वीही, त्यांवर काय लिहिले आहे ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे. जे लिहिलेले सापडेल, ते रुचेल असे नाही. पण ते वाचून झाल्यावर जो निर्णय होईल, तो आपला असेल.